सोयाबीन विकायचं कमी भावात, ढेप घ्यायची महाग : ढोराच्या पोटातल्या नायट्रोजनचा हिशोब

विश्लेषण | अमरावती-अकोला

वऱ्हाडातला शेतकरी एकाच आठवड्यात दोन व्यवहार करतो. एका दिवशी सोयाबीन बाजार समितीत नेऊन विकतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच पैशातून म्हशीसाठी सरकी ढेपेचं पोतं आणतो. पहिल्या व्यवहारात भाव पडलेला असतो, दुसऱ्यात चढलेला. २०२५-२६ च्या हंगामात केंद्रानं सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल जाहीर केला होता. मात्र काढणीच्या दिवसात बाजारातले बहुतेक सौदे त्याच्या खालीच झाले. ढेपेच्या दुकानात मात्र हमीभाव, पडता भाव असा काही प्रकार नसते. जो भाव सांगितला तो द्यावा लागते.

आता उन्हाळा आला की हा प्रश्न अजून टोकदार होते. हिरवा चारा संपलेला असते. गव्हाणीत गव्हांडा, सोयाबीनचं कुटार आणि उरलासुरला कडबा. दूध कमी झालं की मोबाईलवर सल्ले फिरायला लागतात : युरिया टाका, अमुक पावडर टाका, ढेप बंद करून तमुक पोतं घ्या. यातला काही सल्ला खरा आहे, काही अर्धवट आहे आणि काही सल्ल्यानं ढोर तासाभरात मरू शकते. हे वेगळं करायचं असेल तर ढोर आपल्या खुराकातला नायट्रोजन वापरते कसा, ते आधी समजून घ्यावं लागते. हा विषय पुस्तकी वाटते, पण थेट खिशाशी जोडलेला आहे.

प्रोटीन म्हणजे शेवटी नायट्रोजन

खुराकाच्या पोत्यावर 'क्रूड प्रोटीन २० टक्के' किंवा '२२ टक्के' असं छापलेलं असते. प्रयोगशाळेत मात्र प्रोटीन थेट मोजत नाहीत. मोजतात तो नायट्रोजन. प्रोटीनमध्ये साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून जेवढा नायट्रोजन निघाला त्याला ६.२५ नं गुणतात आणि त्याला क्रूड प्रोटीन म्हणतात. नायट्रोजन मोजायची ही रीत १८८३ मध्ये डेन्मार्कच्या जोहान केल्डाल या रसायनशास्त्रज्ञानं बिअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत शोधली. आजही जगभर तीच चालते.

इथंच एक मेख आहे. मशीनला नायट्रोजन दिसतो, तो कुठून आला ते दिसत नाही. सरकीतला आहे, सोयाबीनचा आहे का युरियाचा आहे, आकडा सारखाच येते. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो. ४६ ला ६.२५ नं गुणा. २८७ टक्के 'प्रोटीन' येते! शंभर किलो युरियात २८७ किलो प्रोटीन कसं असेल? नसतेच. युरियात प्रोटीन शून्य आहे, नुसता नायट्रोजन आहे.

२००८ मध्ये चीनमध्ये हीच मेख धरून दुधात मेलामाईन मिसळलं गेलं. त्यातही नायट्रोजन भरपूर असतो, त्यामुळे पाणी टाकलेलं दूध तपासणीत 'प्रोटीनवालं' दिसायचं. सहा बाळं दगावली आणि सुमारे तीन लाख आजारी पडली. म्हणून नुसत्या टक्क्यावर विश्वास ठेवून चालत नाही.

ढोराचं पोट म्हणजे कारखाना

मग ढोराला युरिया देतातच कशाला? कारण गाय-म्हैस आपल्यासारखी नाही. तिच्या पोटाचे चार कप्पे असतात. पहिला आणि सर्वात मोठा कप्पा म्हणजे रोमंथिका, ज्यातून ती रवंथ करते. त्यात अब्जावधी सूक्ष्मजीव राहतात. ढोर जो चारा खाते तो आधी हे जीव खातात. माणसाला न पचणारा कडबा, कुटार ते कुजवतात आणि त्यातून ढोराला ताकद मिळते.

या जीवांना वाढायला नायट्रोजन लागतो. ढेपेतलं बरंचसं प्रोटीन ते तोडतात, त्यातून अमोनिया निघते आणि त्या अमोनियापासून ते स्वतःच्या अंगाचं प्रोटीन बनवतात. पुढं हेच जीव वाहत वाहत चौथ्या कप्प्यात आणि आतड्यात जातात, तिथं पचतात आणि ढोराला उत्तम प्रोटीन मिळते. म्हणजे म्हैस पाळणारा माणूस खरं तर आधी तिच्या पोटातले जीव पाळतो.

या जीवांना अमोनिया ढेपेतून आला का युरियातून आला याचा फारसा फरक पडत नाही. फिनलंडचे आर्टुरी विर्तानेन यांनी हे टोकाला नेऊन दाखवलं. १९४५ चं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक त्यांना चारा टिकवण्याच्या पद्धतीसाठी आणि शेती-पोषणातल्या संशोधनासाठी मिळालं होतं. त्यांनी गाईंना खुराकात खरं प्रोटीन जवळपास दिलंच नाही. स्टार्च, साखर, सेल्युलोज आणि नायट्रोजनसाठी युरिया व अमोनियाचे क्षार, एवढंच दिलं. १९६६ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. त्या गाई दूध देत होत्या आणि काही गाईंचं दूध वर्षाला चार हजार किलोच्या वर गेलं होतं.

पण हे वाचून कोणी गव्हाणीत युरियाची मूठ टाकू नका. विर्तानेन यांनी गाईंना हळूहळू सवय लावली होती, मोजून, वाटून दिलं होतं आणि सोबत ताकदीचा खुराक भरपूर होता. खरी अट तीच आहे.

नायट्रोजन आहे, पण ताकद नाही

अमोनियापासून प्रोटीन बनवायला सूक्ष्मजीवांना ताकद लागते. ती स्टार्च आणि साखरेतून येते : मक्याचा-ज्वारीचा भरडा, गूळ, मळी. अमोनिया आणि ताकद एकाच वेळी पोटात असली तर काम होते. अमोनिया आधी आला आणि ताकद आलीच नाही, तर जीव तो वापरू शकत नाहीत. मग अमोनिया पोटाच्या भिंतीतून रक्तात जाते, रक्तातून यकृतात. यकृत त्याचा युरिया करते. त्यातला थोडा लाळेवाटे परत पोटात येते, बाकीचा मुताबरोबर बाहेर.

म्हणजे ढेपेचे पैसे गोठ्याच्या नालीतून वाहून जातात. सकाळी गोठ्यात शिरल्यावर डोळ्याला झोंबणारा वास येत असेल तर तो नायट्रोजनच आहे, तुम्ही विकत घेतलेला. दुधाळ गाय खाल्लेल्या नायट्रोजनपैकी साधारण चौथा हिस्साच दुधात उतरवते, बाकी शेण-मुतात जाते. म्हणून गोठ्यातलं मूत नालीत सोडण्यापेक्षा उष्टं कुटार पसरून त्यात जिरवणं आणि ते खताच्या खड्ड्यात टाकणं फायद्याचं आहे. निदान वावरात तरी तो कामी येईल.

उलटी बाजूही तेवढीच खरी आहे. गव्हांड्यात क्रूड प्रोटीन तीन टक्क्यांच्या आसपास असते. ज्वारीचा कडबा आणि सोयाबीनचं कुटार त्याच्यापेक्षा थोडं बरं, चार-पाचच्या घरात. पोटातल्या जीवांचं काम नीट चालायला एकूण खुराकात किमान सात टक्के तरी लागते. त्याच्या खाली गेलं की जीव मंदावतात, कुटार पोटात तसंच पडून राहते आणि ढोर खाणंच कमी करते. उन्हाळ्यात गव्हाण भरलेली असूनही ढोराच्या बरगड्या दिसतात त्याचं हे कारण आहे. चारा नसते असं नाही, चारा पचवणाऱ्या जीवांना खायला नसते.

सगळी ढेप सारखी नाही

पोटात प्रोटीन किती लवकर तुटते यावर पुढचा हिशोब ठरते. युरियाचा अमोनिया तर काही मिनिटात होते. शेंगदाणा आणि मोहरीची ढेप पोटात लवकर तुटते. सरकी ढेप आणि सोयाबीनची डीओसी मधल्या चालीची. मक्याचं ग्लुटेन आणि इथेनॉलच्या कारखान्यातून निघणारा सुका चोथा, ज्याला बाजारात डीडीजीएस म्हणतात, त्यातलं बरंच प्रोटीन पोटात न तुटता थेट आतड्यात जाते. त्याला 'बायपास प्रोटीन' म्हणतात.

मग कोणाला काय लागते? पूर्णा खोऱ्यातली पूर्णाथडी म्हैस किंवा गावरान गाय चार-पाच लिटर दूध देत असेल, तर पोटातल्या जीवांनी बनवलेलं प्रोटीन तिला बरंचसं पुरते. तिला साधी ढेप, चुनी आणि सोबत मूठभर ताकदीचा भरडा चालते. महाग 'बायपास' पोतं तिच्यासाठी घेणं म्हणजे बैलबंडीला ट्रकचं टायर लावणं. पण संकरित गाय बारा-पंधरा लिटर देत असेल तर नुसत्या जीवांच्या प्रोटीनवर तिचं भागत नाही. तिथं हळू तुटणारं प्रोटीन कामाला येते.

वासराचं पोट तर अजून कारखाना झालेलंच नसते. म्हणून सहा महिन्यांखालच्या वासराला युरिया कोणत्याही रूपात नाही. सरकी ढेपही लहान वासराला नको. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असते. मोठ्या ढोराच्या पोटात ते बरंचसं निकामी होते, वासराच्या पोटात होत नाही.

बाजाराचा हिशोब : एक किलो प्रोटीन कितीला?

आपण पोत्याचा भाव विचारतो. विचारायला पाहिजे प्रोटीनचा भाव. सूत्र सोपं आहे : किलोच्या भावाला शंभरनं गुणा आणि प्रोटीनच्या टक्क्यानं भागा. खालचे ढेप-चुनीचे भाव समजण्यापुरते धरलेले आहेत. तुमच्या गावातला आजचा भाव टाकून तुम्ही स्वतः काढा.

- सरकी ढेप : समजा ३६ रुपये किलो, प्रोटीन २२ टक्के. एक किलो प्रोटीन १६४ रुपयांना.
- तूर चुनी : समजा २६ रुपये, प्रोटीन १७ टक्के. एक किलो प्रोटीन १५३ रुपयांना.
- सोयाबीन डीओसी : समजा ४० रुपये, प्रोटीन ४६ टक्के. एक किलो प्रोटीन ८७ रुपयांना.
- घरचं सोयाबीन : समजा ४३ रुपये, प्रोटीन ३८ टक्के. एक किलो प्रोटीन ११३ रुपयांना, वरून १८ टक्क्यांच्या आसपास तेल.
- युरिया : ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशाला, म्हणजे किलोला सहा रुपयांच्या आत. कागदावरचं 'प्रोटीन' फक्त दोन रुपये किलो.

या यादीत दोन गोष्टी दिसतात. पहिली, ज्या वर्षी सोयाबीनचा भाव पडते त्या वर्षी सोयाबीन विकून ढेप आणणारा शेतकरी स्वस्त प्रोटीन विकून महाग प्रोटीन विकत घेते. घरचं थोडं सोयाबीन भाजून, भरडून खुराकात घातलं तर ढेपेचा काही भाग वाचते. पण मर्यादा आहे. तेल जास्त झालं की पोटातले जीव मंदावतात, त्यामुळे मोठ्या दुधाळ ढोराला दिवसाला किलो-दीड किलोच्या वर नको आणि सुरुवात पाव किलोपासून करावी. बुरशी लागलेलं, काळं पडलेलं डागी सोयाबीन तर अजिबात नको. बुरशीचं विष दुधात उतरते.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. दोन रुपयाला 'प्रोटीन' मिळत असेल तर भेसळीचा मोह कोणाला होणार नाही? समजा एखाद्याजवळ टरफलं मिसळलेली १५ टक्क्यांची ढेप आहे. शंभर किलोत फक्त अडीच किलो युरिया मिसळला की तपासणीत ती २२ टक्क्यांची दिसते. खर्च पंधरा रुपये. अशी चार किलो ढेप खाणाऱ्या म्हशीच्या पोटात रोज जवळपास ९८ ग्रॅम युरिया जाईल आणि मालकाला पत्ताही लागणार नाही.

भाव कोण ठरवते?

एक क्विंटल कापसातून साधारण ३४-३५ किलो रुई निघते, उरलेली बहुतेक सरकी. म्हणजे कापूस उत्पादक शेतकरीच ढेपेचा मूळ मालक आहे. पण जिनिंगमध्ये कापूस दिला की सरकीवरचा त्याचा हक्क संपते. ढेपेचा भाव पुढं तेल गिरण्या, व्यापारी आणि वायदे बाजार ठरवतात. एनसीडीईएक्स या वायदे बाजारात सरकी ढेपेचा सौदा अकोल्याच्या नावानं चालते. अकोल्याचं नाव देशभर, आणि अकोट-तेल्हाऱ्याचा शेतकरी मात्र किरकोळ दुकानात उभा.

सोयाबीनचं दुखणं वेगळं आहे. क्विंटलभर सोयाबीनमधून तेल १८ किलोच्या आसपास निघते, बाकी ऐंशी-ब्याऐंशी किलो डीओसी. म्हणून सोयाबीनचा भाव तेलाएवढाच डीओसीच्या मागणीवर चालते. गेल्या दोन-तीन वर्षात या मागणीला डीडीजीएसनं धक्का दिला. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट देशानं २०२५ मध्ये गाठलं. त्यासाठी मका आणि तांदूळ मोठ्या प्रमाणात आटवला गेला आणि त्याचा चोथा कोंबडी व जनावरांच्या खाद्यात स्वस्तात आला. डीओसीचा ग्राहक तिकडं वळला. फेब्रुवारी २०२६ च्या भारत-अमेरिका संयुक्त निवेदनात भारत ज्या मालावरचं आयात शुल्क काढणार किंवा कमी करणार त्या यादीत हाच डीडीजीएस आहे, सोयाबीन तेलही आहे.

म्हणजे एकाच गोष्टीला दोन तोंडं आहेत. दूधवाल्यासाठी स्वस्त प्रोटीन आलं तर बरं. सोयाबीनवाल्याचा मात्र भाव दबते. आपल्याकडं दूधवाला आणि सोयाबीनवाला बहुतेक एकाच घरात राहतात. स्वस्त चोथ्याचा फायदा किरकोळ दुकानापर्यंत आला का, आणि आला असेल तर किती, हे आमदार-खासदारांना विचारण्यासारखं आहे. मोठे खाद्य कारखाने माल ट्रकनं घेतात. दोन म्हशीवाल्याला तो पोत्यात, ब्रँडचं नाव लागून मिळते. डीडीजीएस घेताच असाल तर बुरशीच्या विषाची तपासणी झालेला घ्या. धान्यात बुरशी असली तर चोथ्यात ती वाढीव प्रमाणात उतरते.

युरिया : कुठं चालते, कुठं जीव घेते

युरियाचा सर्वात सुरक्षित उपयोग म्हणजे चाऱ्यावर प्रक्रिया. गव्हांडा किंवा भाताचं तणस यासाठी ही रीत चांगली आहे. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडं भात होते, तिथल्या लोकांनाही उपयोगी.

१. शंभर किलो सुका गव्हांडा घ्या. चार किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा. खडा राहता कामा नये.

२. ताडपत्रीवर गव्हांड्याचा थर पसरा, झारीनं पाणी सारखं शिंपडा, तुडवा. मग दुसरा थर.

३. वरून ताडपत्री झाकून कडा मातीनं बंद करा. हवा जाता कामा नये. २१ दिवस हात लावू नका.

४. उघडल्यावर रोज लागेल तेवढंच काढा, तासभर मोकळ्या हवेत पसरा, अमोनियाचा उग्र वास उडू द्या आणि मग थोडं थोडं सुरू करा.

या तीन आठवड्यात युरियाचा अमोनिया होते आणि तो काडीचा टणकपणा सैल करते. अर्ध्याहून जास्त अमोनिया उडून जाते, तरी तीन टक्क्यांचा गव्हांडा सात-आठ टक्क्यांपर्यंत येते. म्हणजे जीवांना लागणारी सातची रेघ ओलांडते. युरियाचं पाणी कालवताना ढोर जवळ बांधलेलं नको आणि उरलेलं पाणी टोपल्यात, टाक्यात ठेवू नका. तहानलेल्या ढोरानं ते प्यायलं तर वाचणं कठीण.

दुसरा प्रकार म्हणजे युरिया-मळी-क्षाराची चाटण वीट. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं १९८० च्या दशकात ती आपल्या देशात पसरवली. वीट कडक असते, ढोर चाटून थोडं थोडंच खाते, सोबत मळीची ताकद जाते. तुटक्या विटेचा चुरा किंवा पाण्यात विरघळवलेली वीट देऊ नये.

तिसरा प्रकार म्हणजे खुराकात थेट युरिया कालवणं. तो घरच्या घरी करू नये, असं स्पष्ट सांगतो. नियम म्हणते की एकूण सुक्या खुराकाच्या एक टक्क्याच्या वर नाही, सवय दोन-तीन आठवड्यात लावायची, दोन-तीन वेळा वाटून द्यायचं, सोबत भरडा आणि खनिज मिश्रण पाहिजेच. एखाद्या दिवशी चुकलं की पुन्हा पहिल्यापासून सवय. गड्यामाणसाच्या हातात हे सगळं रोज नीट होईल याची खात्री कोण देईल? सवय नसलेल्या साडेतीनशे किलोच्या गाईला दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम युरिया एकदम गेला तर ती दगावू शकते. एवढा युरिया दोन ओंजळीतही मावते.

कच्चं सोयाबीन आणि युरिया : कधीच एकत्र नको

ही गोष्ट वऱ्हाडासाठी सर्वात महत्त्वाची आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये युरिएज नावाचं द्रव्य असते. ते युरियाचा अमोनिया झपाट्यानं करते. तुरीच्या दाण्यातही ते असते. ज्या घरी सोयाबीनचा चुरा गव्हाणीत पडते, त्या घरी युरियाची वीट, युरियावालं खाद्य किंवा प्रक्रिया केलेला गव्हांडा त्याच वेळी नको. सोयाबीन भाजलं की युरिएज मरते. म्हणून भाजणं हे चवीसाठी नाही, जिवासाठी आहे.

याच गुणाचा उपयोग भेसळ पकडायलाही होते. दुधातला युरिया ओळखायला अन्न सुरक्षा प्राधिकरणानं घरगुती रीत सांगितली आहे : चमचाभर दुधात अर्धा चमचा सोयाबीनचं किंवा तुरीचं पीठ टाकून हलवायचं, पाच मिनिटांनी त्यात लाल लिटमस कागद अर्धा मिनिट बुडवायचा. निळा झाला तर युरियाचा संशय. ढेपेसाठीही तोच विचार चालते. ढेप पाण्यात भिजवून गाळा, त्या पाण्यात कच्च्या सोयाबीनचं पीठ टाका, बाटलीचं झाकण लावून अर्धा तास ठेवा. झाकण काढल्यावर अमोनियाचा झणका आला किंवा लिटमस निळा झाला तर ते पोतं बाजूला ठेवा. हा शेवटचा पुरावा नाही, संशय आहे. खात्री प्रयोगशाळेतच होते. तिथं नमुना देताना 'क्रूड प्रोटीन' एवढंच न सांगता 'युरिया वेगळा तपासा' असं लिहून द्या.

दुधाबद्दलही एक गैरसमज काढू. दुधात नैसर्गिकच थोडा युरिया असतो. आपल्या देशात त्याची मर्यादा शंभर मिलिलिटरला ७० मिलिग्रॅम आहे. खुराकात प्रोटीन जास्त आणि ताकद कमी झाली तरी दुधातला युरिया वाढते. म्हणजे तपासणीत आकडा चढलेला दिसला की प्रत्येक वेळी भेसळच असते असं नाही. तो आकडा कधी कधी तुमच्या ढेपेचे पैसे वाया जातात हेही सांगते.

विषबाधा झाली तर

युरियाची विषबाधा अर्ध्या-एक तासात दिसते. ढोर बेचैन होते, तोंडाला फेस-लाळ, अंग थरथरते, पोट फुगते, पाय लटपटतात, श्वास जोरात चालते. लगेच डॉक्टरांना बोलवा, फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे. दवाखान्यात उपाय असतो तो भरपूर थंड पाणी आणि दोन-तीन लिटर व्हिनेगर, नळीनं थेट पोटात. पडलेल्या, गिळू न शकणाऱ्या ढोराच्या तोंडात बाटली कोंबू नका, पाणी फुप्फुसात जाते.

उन्हाळ्या-पावसाळ्याच्या तोंडावर अजून एक धोका आहे. जास्त युरिया दिलेला, मग पाण्याचा ताण बसलेला हिरवा चारा नायट्रेट साठवते. पोटात त्याचं नायट्राईट होते आणि रक्ताची हवा वाहायची ताकद जाते. रक्त चॉकलेटी दिसते. कापलेल्या ज्वारीच्या धांड्याला पाऊस पडल्यावर फुटलेले कोवळे कोंबही विषारी असतात, पण ते विष वेगळं, सायनाईडचं. दोन्ही ठिकाणी उपाशी ढोर सोडू नये.

युरिया नको तर काय?

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे. अलिबागजवळ थळला आरसीएफचा कारखाना हवेतला नायट्रोजन आणि गॅस वापरून युरिया करते. तेच काम लसूणघास, चवळी, हादगा, शेवरी, सुबाभूळ यांच्या मुळावरच्या गाठी फुकट करतात. लसूणघासाच्या सुक्या वजनात १७ ते २० टक्के प्रोटीन असते. सुबाभळीचा पाला त्याच्याही वरचा, पण त्यात मिमोसिन असते म्हणून एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर नको. वरूड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात, अचलपूर-चांदूर बाजारात ओलित आहे, तिथं दोन गुंठे लसूणघास आणि धुऱ्यावर हादगा सहज होईल. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हाऱ्याच्या खारपाणपट्ट्यात खारं पाणी आहे. तिथं बाराही महिने हिरवा चारा ठेवणं सोपं नाही. त्या भागाला खरिपातली चवळी वाळवून ठेवणं आणि गव्हांड्याची प्रक्रिया हेच जवळचे मार्ग आहेत.

विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पातून दूध वाढवायच्या योजना येतात, दुधाळ ढोरं वाटली जातात. गाय येते, पण तिला काय खाऊ घालायचं हा हिशोब कागदावर राहते. अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे आणि स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थाही आहे. ज्ञान आपल्या जिल्ह्यात आहे. ते तालुक्यापर्यंत यायला तीन गोष्टी पुरेशा आहेत : दर महिन्याला दुकानातल्या ढेप-खाद्याचे नमुने उचलून युरियासह तपासणीचे निकाल पंचायत समितीच्या फलकावर लावणं, बाजारभावासोबत ढेप-चुनीचा भाव जाहीर करणं आणि गव्हांडा प्रक्रियेचं प्रात्यक्षिक एप्रिलच्या आत गावात करून दाखवणं. यासाठी नवा कायदा लागत नाही. ग्रामसभेच्या ठरावात हा विषय मांडता येते.

तोपर्यंत आपल्या हातात आहे ते एवढं : पोतं घेताना पक्कं बिल मागा, लेबलचा फोटो काढून ठेवा, किलोभर ढेप बंद पिशवीत नमुना म्हणून बाजूला ठेवा. आणि या आठवड्यात सोयाबीन विकायच्या आधी वरच्या सूत्रात तुमच्या गावातले भाव टाकून पाहा.